मानधनाचा अर्ज



सेवानिवृत्ती हा शब्द आपल्या संप्रदायात नीट बसत नाही. आपल्याकडे निवृत्ती म्हटले की त्र्यंबकेश्वरचे निवृत्तीनाथ आठवतात, माउलींचे थोरले बंधू आणि गुरू. सेवेतून निवृत्त व्हायचे ही कल्पना कुठल्याच संताच्या चरित्रात सापडत नाही. सावतोबा अरणच्या मळ्यात राबत राहिले. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना त्याच कुसाखाली गेले. सरकारी नोकराला ५८ पूर्ण झाली की महिन्याच्या अखेरच्या दिवशी शाल, नारळ आणि दोन भाषणे मिळतात. शिपायाला तेच सारे ६०व्या वर्षी. कीर्तनकाराला नारळ तर दर कीर्तनाला मिळतो. त्यातला शेवटचा कोणता, हे त्याला कोणी सांगत नाही.

तो ज्याचा त्याने ओळखायचा असतो. मी माझा तीन वर्षांपूर्वी ओळखला, वयाच्या ७१व्या वर्षी. तेव्हापासून दिंडीत, सप्ताहात, लग्नाच्या मांडवातसुद्धा मला दोन प्रश्न एका दमात विचारले जातात : "महाराज, कीर्तन का सोडलंत?" आणि "पेन्शन चालू झाली का?" पहिला मोठ्याने विचारतात, दुसरा जवळ सरकून, आवाज उतरवून. दुसरा विचारणाऱ्यांत कीर्तनकारच जास्त असतात. पोटाचा प्रश्न आपण हळू आवाजात विचारतो, म्हणून तो सुटतही नाही. आज मी दोन्हींचे उत्तर मोठ्याने देतो.

आधी कीर्तन. वारकरी कीर्तन हे उभ्याचे काम आहे. दोन तास उभे राहायचे, तेही स्वस्थ नाही. गळा, पाय आणि आठवण हे तीन खांब. तिन्ही एकाच दिवशी पडत नाहीत. माझे पाय आधी बोलू लागले. गुडघ्यांना मी तेल लावले, पट्टा बांधला, चालवून घेतले. मग गळा. काळी चारमध्ये गाणारा मी काळी एकवर आलो. पेटीवाल्याने आपणहून पट्टी उतरवली, मी काही बोललो नाही, श्रोत्यांनाही अडचण झाली नाही. श्रोते फार क्षमाशील असतात.

आठवणीचे मात्र वेगळे. ज्यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत किंवा एखाद्या फडावर चार वर्षे काढली आहेत त्यांना सांगायला नको, की आपल्या कीर्तनात हातात कागद नसतो. प्रमाणे मुखोद्गत पाहिजेत. मी १९६८ ते १९७२ आळंदीत होतो. सकाळी इंद्रायणीवर स्नान, दुपारी माधुकरी, रात्री पाठांतर. पाठ झाले नाही तर गुरुजी रागवायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "उद्या दोनदा म्हणू." त्या पाठांतरावर पन्नास वर्षे निघाली.

कीर्तनकाराने प्रमाणाचा पहिला चरण टाकला की मागचे टाळकरी दुसरा उचलतात. ही रीतच आहे. पण रीत आणि आधार यांत एक बारीक फरक आहे, तो व्यासपीठावर उभे असणाऱ्यालाच कळतो. रीतीत टाळकरी तुमच्यानंतर येतात. आधारात ते तुमच्या आधी येतात. २०२२च्या चातुर्मासात माझ्या ध्यानात आले की आमच्या गावचे टाळकरी माझ्या आधी येऊ लागले आहेत. मी पहिल्या शब्दाला जरा थांबलो की मागून चरण येई. इतक्या प्रेमाने येई, की मांडवात कोणालाच काही कळत नसे. त्यांनी आपसात ठरवलेही नसेल. म्हाताऱ्या बैलाचा खांदा उतरला की जोडीचा बैल आपोआप जू उचलून धरतो, तसे ते होते.

त्या वर्षीचे काल्याचे कीर्तन केले, लाह्या वाटल्या आणि मंडळींना सांगितले, की पुढच्या सप्ताहाच्या पत्रिकेत माझे नाव कीर्तनात घालू नका, प्रवचनात घाला. प्रवचन बसून होते, समोर ग्रंथ उघडा असतो. आपल्या संप्रदायाने म्हाताऱ्यांची सोय आधीच करून ठेवली आहे : उभ्याची सेवा गेली तर बसण्याची, बसण्याची गेली तर हरिपाठाला मागे म्हणण्याची, तीही गेली तर ऐकण्याची. शेवटची पायरी सर्वांत अवघड आहे. पन्नास वर्षे बोललेल्या माणसाला दोन तास गप्प बसून तरुण महाराजांचे कीर्तन ऐकायचे म्हणजे आजही मनाला वेसण घालावी लागते. असो.

आता दुसरा प्रश्न.

कीर्तनावर मी कधी जगलो नाही. जगणेही शक्य नव्हते. नेवासे तालुक्यात माझी अडीच एकर जिरायत जमीन. पाऊस झाला तर बाजरी आणि तूर, नाही झाला तर नाही. कीर्तनाला श्रीफळ आणि एसटीचे भाडे. कोणी आग्रहाने धोतरजोडी दिली तर घेत असू. तुकोबारायांनी कीर्तनाचा मोबदला घेणारा आणि देणारा या दोघांनाही सोडलेले नाही, हे वाचकांना मी सांगावे असे नाही. आज पाकिटाचे आकडे आधी ठरतात असे ऐकतो. त्यावर मी बोलणार नाही. मला त्यातले कळत नाही आणि माझ्या वयाच्या माणसाने त्यावर बोलले की ते असूयेसारखे ऐकू येते.

पण त्या दंडकाचा एक हिशेबी परिणाम आहे आणि तो कोणी मांडत नाही. कारखान्यातल्या कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. शिक्षकाचे वेतन बँकेत जाते. कीर्तनकाराच्या पन्नास वर्षांच्या सेवेची नोंद कुठेच नसते. उभे राहणे थांबले त्या दिवशी त्याच्याजवळ देहाखेरीज काही उरत नाही, आणि देह तर आता औषधे मागतो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मुलगा आणत होता. तो कधी चकार शब्द बोलला नाही. पण महिन्याच्या शेवटी गोळ्यांचे पाकीट माझ्या हातात देताना तो दुसरीकडे पाहत असे. पैसे देणाऱ्याने दुसरीकडे पाहावे, यातले दुःख घेणाऱ्यालाच कळते.

सरकारची एक योजना आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची ही पद्धत महाराष्ट्रात १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. शाहीर, तमाशा कलावंत, गोंधळी, भारूडकार, भजनी आणि कीर्तनकार, सारे तिच्यात येतात. वय ५० च्या पुढे, कलेची किमान १५ वर्षांची सेवा, वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, आणि दुसरी कुठली सरकारी पेन्शन चालू नसावी, अशा मुख्य अटी. दरमहा ५,००० रुपये. आणि कलावंत गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या पत्नीला किंवा पतीला ते पुढे चालू राहते. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, मी त्यावर येणार आहे.

वयाच्या पन्नाशीत मला हे ठाऊक होते. एका कार्यकर्त्याने अर्ज घरी आणून दिला होता. मी तो भरला नाही, आणि त्याची मला आजही खंत नाही. तेव्हा हातात औत होते, गळ्यात आवाज होता. घरात चूल पेटत होती. जिल्ह्याला दर वर्षी ठराविकच नावे मंजूर होतात. माझे एक नाव गेले म्हणजे कोणातरी थकलेल्या शाहिराचे एक नाव मागे सरकले. पासष्टीला श्रावणबाळ योजना होती. तिची उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये. त्यात आम्ही बसत नव्हतो. एका ओळखीच्या माणसाने सांगितले, "दाखला मी आणतो, आकडा मी बघतो." मी त्याला चहा पाजून वाटेला लावले. खोट्या दाखल्यावर माळ घालून बसायचे कसे?

म्हणजे माझ्यासाठी 'केव्हा' याचे उत्तर साधे होते : जोवर उभा आहे तोवर नाही. ७१व्या वर्षी उभे राहणे थांबले आणि प्रश्न दारात आला. आता मात्र वयाचा राहिला नाही, तत्त्वाचा झाला.

आमच्या फडावरचे एक ज्येष्ठ महाराज मला म्हणाले, "तुकोबारायांनी राजाचा नजराणा माघारी पाठवला, आणि तुम्ही सरकारच्या दारात अर्ज घेऊन उभे राहणार?" त्यांचा अधिकार मोठा, मी लगेच उत्तर दिले नाही. पंधरा दिवस तो प्रश्न माझ्या अंथरुणात होता.

पंधरा दिवसांनी मी त्यांना जे सांगितले ते असे. मोबदला म्हणजे या कीर्तनासाठी हा पैसा, असा दोघांत ठरलेला व्यवहार. इथे माझे कीर्तन तर संपले आहे. मी एकही चरण गाणार नाही आणि तरीही महिना मिळणार आहे. मग तो कीर्तनाचा कसा? नजराणा म्हणाल तर तो एकाला वेगळे काढून दिलेला मान असतो, घोडा आणि छत्री असते त्यात. हा मान नाही. ही रांग आहे. राज्यातल्या थकलेल्या सगळ्यांना एकाच नियमाने मिळणारे हे आहे, आणि त्या रांगेत माझ्या पुढे कोण उभे आहे हेही मला माहीत नाही. त्यांनी ऐकून घेतले. "नावच चुकलंय मग," ते म्हणाले. "मानधन नको, म्हातारपणाचा शिधा म्हणा." त्यांचे हे म्हणणे मला पटते. सरकारला कोण सांगणार?

दुसरी अडचण मला स्वतःची होती. अर्जात 'कलाप्रकार' असा रकाना आहे. कीर्तन ही कला का? आम्ही शिकलो ते भक्ती म्हणून. शिवाय आपण काय काय केले हे कागदावर सिद्ध करायचे : किती वर्षे, कुठे कुठे, कोणाची प्रशस्तिपत्रे, कात्रणे, फोटो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी ज्ञानाची लक्षणे सांगायला सुरुवात केली ती अमानित्वापासून. त्या एका शब्दावर मी उभ्या आयुष्यात किती निरूपणे केली असतील, आणि आता तालुक्याला जाऊन स्वतःच्या मोठेपणाचे पुरावे मांडायचे! फोटो तर माझ्याजवळ चारसुद्धा नव्हते.

इथे घरच्यांनी तोड काढली. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवायला लावली. तिच्यात धान्याच्या पावत्या, मुलांचे दाखले आणि तळाशी सप्ताहाच्या पत्रिकांचा गठ्ठा. पिवळ्या, गुलाबी, काही उंदरांनी कुरतडलेल्या. मी कीर्तनाहून आलो की पिशवीतली पत्रिका काढून त्यांनी ठेवून दिलेली, १९७४ पासूनची. मी विचारले, "हे कशाला जपलं?" म्हणाल्या, "तुमचं नाव छापलेला कागद चुलीत कसा घालायचा?" आणि मग, पेटी बंद करता करता, "तुम्ही अमानित्व सांगत फिरलात, शेळ्या मी राखल्या. तुम्हाला नको असेल तर नका घेऊ. तुमच्या मागं मला चालू राहतंय म्हणे. त्याचं काय करायचं ते सांगा."

त्याचे काय करायचे ते मला सांगता येईना. मी सेवा केली असे म्हणतो. पन्नास वर्षे रात्री-अपरात्री मी गावोगाव, आणि मागे गुरे, मुले, दुष्काळ, सासूचे आजारपण, हे कोणाच्या जिवावर? माझा निःस्पृहपणा तिच्या कष्टांवर उभा होता. अर्ज नाकारून मी माझे अमानित्व राखले असते आणि त्याची किंमत पुन्हा तिनेच भरली असती. दुसऱ्या दिवशी मी रकान्यात 'कीर्तन' असे लिहिले.

पंचायत समितीत त्या दिवशी बरीच माणसे होती. बाकावर माझ्या शेजारी एक वृद्ध बाई, नऊवारी, कपाळावर मोठे कुंकू, पाय सुजलेले. माझी तुळशीची माळ आणि गंध पाहून त्या थोड्या सरकून बसल्या. बोलता बोलता कळले की त्या तमाशाच्या फडात चाळीस वर्षे नाचल्या. त्यांनी विचारले, "महाराज, तुमीपण हितं?" मी म्हणालो, "हो माउली, गळा गेला." त्या म्हणाल्या, "आमचं पाय गेलं." जत्रेत एकाच रात्री देवळात कीर्तन आणि माळावर तमाशा असे आणि आमची माणसे त्यांच्या कनातीकडे वळतात म्हणून मी तरुणपणी किती चिडत असे! एका शिक्क्यासाठी आम्ही दोघे एका बाकावर बसलो. निघताना मी रीतीप्रमाणे त्यांच्या पाया पडलो. त्या दचकल्या आणि रडू लागल्या. त्यांचा अर्ज पुढे मंजूर झाला की नाही, ते समजले नाही.

माझा झाला. तेव्हा अ, ब, क अशा श्रेणी होत्या : राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला ३,१५०, राज्य पातळीला २,७०० आणि आम्हा स्थानिकांना २,२५० रुपये. २०२४ साली श्रेणी काढून टाकल्या आणि सर्वांना सरसकट ५,००० केले. रक्कम वाढली याचा आनंद झालाच, पण श्रेण्या गेल्या याचा जास्त झाला. जिथे लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात त्या संप्रदायातल्या माणसाला 'क' लिहून देणे बरे दिसत नव्हते. पैसे कधी वेळेवर येतात, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. त्यावर औषधाचे वेळापत्रक बसवता येत नाही, ही तक्रार आहे आणि ती खरी आहे.

आता आमच्या दिंडीतल्या विणेकऱ्यांची गोष्ट सांगतो, कारण 'केव्हा' हा प्रश्न त्यांच्या बाबतीत अगदी आकड्यांचा होता. ते साखर कारखान्यात आहेत. गेल्या वर्षी ५५ पूर्ण झाली. एका संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर थांबले आणि म्हणाले, "महाराज, नोकरी सोडतो. पेन्शन आत्ताच घेतो." मला वाटले वारीसाठी असेल. पण गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. आषाढात कारखान्याचे बॉयलर थंड असतात आणि याची पायी वारी कधी चुकलेली नाही. मग का? म्हणाले, "बरोबरीचे दोघं घेऊन मोकळे झाले. उद्याचं कुणी पाहिलंय? तुम्हीच तर सांगता, देह क्षणभंगुर आहे."

मला हसू आले आणि जरा वाईटही वाटले. पन्नास वर्षांचे निरूपण असे पेन्शनच्या अर्जाला जोडलेले पाहिले नव्हते.

त्याला कारखान्याच्या टाइम ऑफिसातून आकडे आणायला सांगितले आणि पाटीवर मांडले. भविष्यनिर्वाह निधीतल्या १९९५च्या योजनेत पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी, नोकरी किमान १० वर्षे झालेली असली पाहिजे. नोकरी सोडली तर ५० नंतर लवकर घेता येते, पण ५८ला जितकी वर्षे कमी तितके, वर्षाला चार टक्के कापून. आणि ही कपात कायमची. उलट ५८ला न घेता ६० पर्यंत थांबले तर वर्षाला चार टक्के वाढ मिळते. याच्या बाबतीत ५८ला साडेचार हजारांच्या आसपास बसत होते. आज सोडली तर नोकरीची तीन वर्षेही कमी भरतात आणि वरून कपात, म्हणजे साडेतीन हजारांच्याही खाली. फरक महिन्याला अकराशेच्या घरात. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. लागेल तो आकडा तसाच राहणार.

मी म्हणालो, "हे बघ, आज घेतलीस तर तीन वर्षांत सव्वा लाखाच्या जवळ हातात येतील. अकराशेच्या फरकाने ते भरून निघायला नऊ-दहा वर्षे. म्हणजे ६७-६८ पर्यंत तू इथे असलास तर थांबलेले बरे, त्याआधी गेलास तर लवकर घेतलेले बरे. शिवाय तीन वर्षांचा पगार वेगळाच. आता सांग, तुझे वडील किती वर्षांचे होऊन गेले?" त्यांचे वडील ८३व्या वर्षापर्यंत दिंडीत चालत होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. तो गप्प झाला.

देह क्षणभंगुर आहे हे खरेच, पण ते वचन नामस्मरण उद्यावर ढकलणाऱ्यासाठी आहे. हिशेबाच्या वहीत मात्र देह चिवट धरावा लागतो. मरण लवकर आले तर पेन्शनचे काय, ही चिंता करणारे पुष्कळ भेटतात. मरण लवकर आले तर त्याचे काही बिघडत नाही. ते उशिरा आले, ८०च्या पुढे आले, तर काय, हे विचारले पाहिजे. माउलींनी त्याच तेराव्या अध्यायात जरेचे वर्णन केले आहे आणि पुढे येणारे म्हातारपण जो तरुणपणीच डोळ्यांपुढे आणतो त्याला ज्ञानी म्हटले आहे. तिथे विषय वैराग्याचा आहे हे मला कळते. पण म्हातारपण आधी पाहून ठेवावे ही शिकवण रेशनच्या डब्यालाही लागू पडते.

विणेकरी अजून कारखान्यात आहेत. ५८ला घेणार म्हणतात. मी म्हटले, तब्येत बरी असेल तर ६० पर्यंत थांब, आठ टक्के वाढतील. त्यावर ते म्हणाले, "महाराज, तेवढं नको. तितकी वर्षं मला वीणा घेऊन पूर्ण वेळ उभं राहू द्या." त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि मी शोधलेही नाही. पण असे न थांबणे आणि आधीचे न थांबणे यांत फरक आहे.

आळंदीतल्या मुलांसाठी एकच सांगतो. सोळा-अठराची मुले पाठांतर करताना पाहिली की जीव सुखावतो आणि त्याच वेळी पोटात कालवतेही, कारण यांतल्या कित्येकांच्या सेवेची नोंद माझ्यासारखीच कुठे राहणार नाही. २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. १८ ते ४० वयाच्या कोणालाही बँकेत किंवा पोस्टात नाव घालता येते. आयकर भरणाऱ्यांना आता घेत नाहीत, पण तो प्रश्न आपल्या मुलांना फारसा नाही. १८व्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला २१० रुपये भरून ६०व्या वर्षापासून दरमहा ५,००० रुपये. हजाराच्या पेन्शनला तर ४२ रुपये पुरतात. हेच ४०व्या वर्षी सुरू करायचे म्हटले तर त्याच ५,००० साठी महिन्याला १,४५४ रुपये. आपल्या मागे ती पत्नीला चालू राहते. बेचाळीस वर्षांनी पाच हजारांची किंमत काय राहील, असे एका मुलाने मला विचारले. फार राहणार नाही. पण शून्याची किंमत तेव्हाही शून्यच राहील, आणि तेवढ्यासाठी मांडवात पाकिटाचा आकडा ठरवायची पाळी आली नाही तर तुकोबारायांचा दंडक पाळणे त्याला सोपे जाईल. सप्ताह करणाऱ्या गावांनीही मंडपावरच्या खर्चातून गावच्या एका विद्यार्थ्याचा हप्ता उचलला तर फार मोठा बोजा नाही. आमच्या गावाने दोघांचा उचलला आहे.

वर्षातून एकदा मला हयातीचा दाखला द्यावा लागतो. खिडकीतला मुलगा सज्जन आहे. गेल्या खेपेला म्हणाला, "महाराज, इथं सही करा, की मी जिवंत आहे." मी म्हणालो, "बाळा, मीपण मेले पाहिजे असे आम्ही आयुष्यभर सांगत आलो, आणि तू म्हणतोस लिहून द्या की मी आहे." त्याला ते कळले नाही. मागच्या रांगेतल्या एका आजोबांना कळले आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

गोळ्या आता मी स्वतः आणतो. मुलगा विचारतो, "बाबा, संपल्या नाहीत ना?" आणि विचारताना माझ्याकडे पाहतो. खात्याच्या पासबुकात घरच्यांचे नाव लावून घेतले आहे. मंजुरीचा कागद त्यांनी त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवला, पत्रिकांच्या वर. येत्या कार्तिकीला मला ७५ पूर्ण होतील. मग एसटीत मला तिकीट लागणार नाही, घरच्यांना अर्धे लागते. पंढरपूरला दोघांनी जायचे ठरवले आहे. त्यांचे म्हणणे असे, की अर्ध्या तिकिटाचे पैसे त्या स्वतः देतील, शेळीच्या दुधाचे.